पावनखिंडीला निघताय? आधी घरातली खुंटी बघा

जुलै लागला की पन्हाळ्यावर पाठपिशव्या घेतलेल्या पोरांची रीघ लागते. १६६० साली १२ जुलैच्या रात्री छत्रपती शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले आणि मागे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदलांचे मावळे उभे राहिले. त्या वाटेने पन्हाळा ते पावनखिंड असे चालत जाण्याचा प्रघात आता चांगलाच रुजला आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळाही आहे. तेव्हा ही गर्दी कमी होईल असे दिसत नाही.

पूर्वी ह्या वाटेला शहरातले तालीम-मंडळाचे कार्यकर्ते आणि कॉलेजची मुले दिसायची. आता आपल्या ऊसपट्ट्यातल्या गावांतून, करवीर, कागल, शिरोळकडूनही पोरे निघतात. माझ्या सज्जातल्या एका गावात असाच एक पोरगा यादी घेऊन आला. तंबू, झोपायची पिशवी, फुगवायची गादी, गॅसची शेगडी, पाठीवरची मोठी सॅक, चाकू, होकायंत्र. बेरीज नऊ हजारांच्या वर. सोबत आलेले वडील एवढेच म्हणाले, "साहेब, हे दोन दिवस चालायचं हाय का तिथं संसार मांडायचा हाय?" पोरगे चिडले, पण प्रश्न रास्त होता. तंबू ठोकून रहायची हौस असेल तर ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भागवावी. जुलैत मसाई पठारावरचा वारा आणि आडवा पाऊस पाहिलेला माणूस हलका तंबू तिथे उभा करणार नाही. शिवाय मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे वाटेल तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत. ह्या वाटेवर मुक्काम करायचा तो गावात, करपेवाडीच्या आसपासच्या वाडीवस्तीवर, कुणाच्या सोप्यात किंवा शाळेच्या व्हरांड्यात. त्यामुळे यादीतल्या चार वस्तू पहिल्याच फटक्यात गळाल्या.

अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. पहिल्या दिवशी राजदिंडीने उतरून तुरुकवाडी, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी असे चालत मुक्कामाला जायचे आणि दुसऱ्या दिवशी पांढरपाण्यावरून खिंड गाठायची. डांबरी कमी, चिखल जास्त. मधे ओढे, भाताची खाचरे आणि झाडी.

पैसे घालायचे ते पायात

उरलेल्या यादीत एक वस्तू मात्र अशी की तिथे हात आखडू नये, ती म्हणजे बूट. खाली खोल खाचा असलेला रबरी तळ, बोटांपुढे अर्धा इंच जागा आणि आत शिरलेले पाणी लगेच बाहेर जाईल असे कापड. पाणी पाजताना वापरतो तो गमबूट इथे चालत नाही, एकदा वरून पाणी शिरले की घागर बांधून चालल्यासारखे होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परदेशातही तिचा बोलबाला झाला, पण ती घरीच ठेवावी. कातडे भिजले की फुगते आणि चिखलात पाऊल एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

नवीन बूट घेऊन थेट पन्हाळ्यावर जाऊ नये. निदान तीन आठवडे आधी घ्यावेत आणि रोज रानात जाता-येता घालावेत. मोजे दोन जोड, त्यांतला एक पिशवीत कोरडा. सकाळी निघताना बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल चोळावे. फोड येण्याआधी ती जागा गरम वाटू लागते. तेवढ्यातच थांबून चिकटपट्टी लावली तर पुढचा दिवस वाचतो. नाहीतर पांढरपाण्याच्या आधीच लंगडणे सुरू.

"आम्ही शेतकऱ्याची पोरं, आम्हाला चालायचं काय शिकवता?" असे कुणी म्हणेल. बोलायला ठीक आहे. पण खरे सांगायचे तर आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते. दिवसभर वाकून काम करणाऱ्याची कंबर मजबूत असते, पण पंचवीस किलोमीटर सलग चालायची पायांना सवय नसते. जूनमध्ये दोन-तीन रविवारी पाठीवर भरलेली पिशवी घेऊन चालत जोतिबाचा डोंगर चढून यावे. दर्शनही होईल आणि पिशवीचा पट्टा कुठे काचतो तेही कळेल. एकूण ओझे सहा-सात किलोच्या वर जाऊ देऊ नये.

खुंटीवरचे सामान

बाकी बरेचसे सामान शेतकऱ्याच्या घरात असतेच, फक्त त्याकडे त्या नजरेने कुणी बघत नाही. रात्रीची लाइट असते तेव्हा उसाला पाणी पाजायला आपण डोक्याला बांधायची बॅटरी वापरतो. हीच ती, शहरातली पोरे मुद्दाम विकत घेतात. नवीन सेल घातले की झाले. वैरण बांधायची नायलॉनची दोरी सात-आठ हात घ्यावी. छातीपर्यंत पोचणारी कळकाची काठी घ्यावी. चिखल किती खोल, ओढ्याचा तळ कसा, हे पावलाच्या आधी काठीने कळते.

घोंगडीचे काय, असे एकाने विचारले. आपल्याकडे पट्टणकोडोलीच्या यात्रेत घोंगड्यांचा बाजार पाहिला आहे अशा माणसाला हा प्रश्न पडणारच. मेंढक्या पावसात खोळ करून उभा राहतो त्याला कारण आहे. लोकर ओली झाली तरी ऊब देते, सुती चादर देत नाही. पण चिंब भिजलेली घोंगडी घेऊन डोंगर चढवत नाही. तिघा-चौघांत एक घोंगडी न्यावी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, फक्त रात्रीसाठी. दिवसा अंगावर रेनकोट. इरले लावणीसाठी उत्तम, पाठ वाकलेली असते तेव्हा त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पण उभ्याने पठारावर चालताना वारा ते उचलून नेतो. छत्रीचेही तेच.

जीनची पँट अजिबात घालू नये. ती भिजली की जड होते, मांड्या सोलते आणि दोन दिवस वाळत नाही. आपल्या कोल्हापुरात घरटी एक फुटबॉलचा ड्रेस सापडेल. ते कापड झटक्यात वाळते, तेच घालावे. आणि एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसकट, पिशवीच्या तळाशी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावा. मुक्कामाला पोचेपर्यंत कितीही मोह झाला तरी त्याला हात लावू नये. पावसात थंडी नसते असे आपण धरून चालतो. भिजलेले अंग, वारा आणि रिकामे पोट एकत्र आले की माणूस जुलैतही गारठतो. थरथर थांबत नाही, बोलणे अडखळते, चालताना झोकांड्या जातात. अशा वेळी सोबत्याला आडोशाला न्यावे, कोरडे कपडे घालावेत, शुद्धीवर असेल तर गुळाचा गरम चहा द्यावा. "दोन घोट मारले की ऊब येते" ही समजूत चुकीची आहे. दारूने अंगातली ऊब उलट लवकर जाते.

आता एक गोष्ट आमच्या खात्याची म्हणून जरा जोराने सांगतो. घरातले सामान वापरा म्हटले की खताच्या गोण्या आणि औषधांचे कॅनही निघतात. धुतलेली युरियाची गोणी पिशवीला पावसापासून झाकायला वापरली तर हरकत नाही. पण तिच्यात भाकरी, चटणी, शेंगा घालू नयेत. औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशवीतही नाही. आणि तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा कॅन कितीही वेळा धुतला, उन्हात वाळवला, तरी त्यात पिण्याचे पाणी भरू नये. तो विषारी अंश प्लास्टिकात मुरलेला असतो. अशा कॅनला भोक पाडूनच टाकायचा असतो, म्हणजे पुन्हा कुणाला वापरता येत नाही.

पाणी, शिदोरी आणि पायाखालचे

ओढ्याचे पाणी काचेसारखे दिसते, पण वर गोठे असतात, खाचरे असतात, आणि लावणीच्या दिवसांत खत पडलेले असते. गावातून भरून घ्यावे किंवा उकळून प्यावे. आरोग्यसेविकेकडे क्लोरिनचे द्रावण मिळते. बाटलीवर लिहिलेल्या मापाने थेंब घालावेत आणि अर्धा तास थांबावे. दोन लिटर पाणी पाठीवर असावे.

शिदोरीत गूळ आणि भाजलेल्या शेंगा सर्वांत पुढे. बाजारातल्या रंगीत वेष्टणातल्या वड्यांत ह्यापेक्षा वेगळे काही नसते आणि गूळ आपलाच आहे. सोबत नाचणीचे लाडू, दशम्या, भडंग, सुकी चटणी. भाकरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकते, पुढे बुरसते. मीठ-साखरेच्या पुड्या चार-पाच, आणि ज्याला रक्तदाबाची, साखरेची गोळी चालू आहे त्याने ती दोन ठिकाणी ठेवावी.

जळवांना भिऊ नये. झाडीत शिरल्यावर त्या लागणारच. ओढून तोडू नये, नखाने कडेकडेने सोडवावी आणि जागा साबणाने धुवावी. खरी काळजी उघड्या जखमेची. जनावरांच्या मुतात मिसळलेल्या चिखलपाण्यातून लेप्टोचा आजार अशा जखमेतून अंगात शिरतो. खरचटले असेल तर पट्टी बांधूनच पाण्यात उतरावे, आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना "चिखलातून चालून आलोय" हे आपणहून सांगावे.

सापांचे आपल्याला नवल नाही. मण्यार मात्र रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि तो दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून जमिनीवर झोपताना मच्छरदाणी न्यावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली दाबाव्यात. चार जणांत एक पुरते, वजन नगण्य. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिक यांत वेळ घालवू नये. हात किंवा पाय हलू देऊ नये, १०८ ला फोन लावावा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआरला न्यावे. झाडीत फोनला रेंज नसते, तेव्हा कोणत्या वाडीत गाडी मिळते हे आदल्या दिवशीच विचारून ठेवलेले बरे.

ओढ्याचा नियम साधा आहे. गढूळ पाणी, जोराची धार आणि गुडघ्याच्या वर पाणी, की थांबायचे. कासारीच्या खोऱ्यातले हे ओढे पाऊस ओसरला की काही तासांत उतरतात. पन्नास जण पलीकडे गेले म्हणून आपणही जायचे, ह्या ईर्ष्येपायी पुढचा अनर्थ होतो.

बांध कुणाचा?

जुलैत ह्या पट्ट्यात भाताची रोपलावण चालू असते. वाट बऱ्याच ठिकाणी खाचरांना लागूनच जाते. पन्नास-शंभर पोरांचा जथा ओल्या बांधावरून धावला की बांध खचतो. एकदा बांध फुटला की खाचरातले पाणी निघून जाते, त्यासोबत दोन दिवसांपूर्वी टाकलेला युरिया जातो आणि नुकतीच लावलेली रोपे उघडी पडतात. पाणी नसले की तण उठते, म्हणजे भांगलणीचा खर्च वाढतो. दहा-पंधरा गुंठ्यांच्या धन्याला हे परवडत नाही. आपल्या उसात कुणी असे घुसले तर आपण काय करू, हे ऊसपट्ट्यातल्या पोरांना वेगळे सांगायला नको. एकामागे एक चालावे, मळलेली वाट सोडू नये, समोरून बैल-औत आले तर आपण बाजूला व्हावे. बांध फुटलेला दिसलाच तर दोन ढेकळे लावून पुढे जायला पाच मिनिटे पुरतात, ते काम आपल्याला येते.

वाटेवरच्या गावांचे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांच्याकडूनही काही व्हायला हवे, आणि ते जूनअखेर व्हायला हवे. जथ्याचा म्होरक्या, माणसे किती, मुक्काम कुठे, पुढच्या गावी कधी पोचणार, एवढे एका वहीत लिहून घेतले तर रात्री कोण मागे राहिले ते कळते. वाट खाचरांच्या बाजूला वळते तिथे चुन्याची खूण आणि एक फळी लावावी. शाळेचा व्हरांडा देताना शौचालयाची किल्ली आणि पाण्याची टाकीही द्यावी, मुलींसाठी वेगळी खोली ठेवावी. जेवणाचा दर बचत गटाने आधीच ठरवून पाटीवर लिहावा, म्हणजे ऐनवेळी घासाघीस होत नाही. पिठलं, नाचणीची भाकरी आणि गरम भात, ह्याला भिजून आलेला माणूस कधीच नाही म्हणत नाही. ज्यांना हे कायमचे करायचे आहे त्यांच्यासाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, त्याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पत्रावळीच घालाव्यात. आणि जथा निघताना त्याच्या म्होरक्याच्या हातात रिकाम्या बाटल्यांचे पोते द्यावे, ते कुठे उतरवायचे ते त्याला आधीच सांगून ठेवावे.