आटीव दुधाचा डबा

हिंवाळ्यांत गाईम्हशींचें दूध वाढतें व उन्हाळ्यांत आटतें, हें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. सुबत्तेचें दूध टंचाईच्या दिवसांपर्यंत टिकविण्याचे जे उपाय निघाले, त्यांपैकीं एक म्हणजे साखर घालून आटविलेलें डबाबंद दूध, अर्थात् कंडेन्स्ड मिल्क. हा डबा आतां खेड्यांतील दुकानांतही मिळतो. परंतु त्याचा गुणधर्म न जाणतां तो वापरणारे पुष्कळ. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक होता.

ही कृति अमेरिकेंतील गेल बोर्डन यांनीं सिद्ध करून १८५६ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें १८६१ ते १८६५ च्या तेथील यादवी युद्धांत फौजेस हें दूध पुरविलें गेल्यामुळें त्याचा प्रसार झाला. उघड्या कढईंत दूध बुडास लागून करपतें. म्हणून बंद भांड्यांतील हवा पंपानें ओढून घेतात. दाब उतरला कीं पाणी कमी उष्णतेवर उकळतें. महाबळेश्वरीं तें १०० अंशांच्या आधींच उकळतें, तें याच कारणानें. अशा भांड्यांत दूध ५० ते ६० अंशांच्या आसपासच आटतें. एक किलो मालास सुमारें सव्वादोन ते अडीच लिटर दूध लागतें, आणि त्याच्या १०० भागांत ४० च्या वर भाग साखर असते.

टिकण्याचें मर्म या साखरेंतच आहे. उरलेलें पाणी ती धरून ठेवते, म्हणून जंतूंस वाढावयास तें मिळत नाहीं. मुरंब्याचें तत्त्व हेंच. खव्यांत साखर नसल्यामुळें तो लवकर बिघडतो.

परंतु जी साखर दुधास राखते तीच तान्ह्या मुलास बाधते. माझी सून आजारी असतां, ‘दूधच तें’ असें म्हणून, मीं नातवास हें दूध पाण्यांत कालवून देवविलें. चार दिवसांत मुलास हगवण लागली व तें कोमेजून गेलें. तालुक्याच्या डॉक्टरांनीं मला डब्यावरील बारीक अक्षर वाचावयास लाविलें. तें तान्ह्या मुलांस देऊं नये, असें तेथें स्पष्ट छापलें होतें. तीस वर्षें लोकांच्या सातबाऱ्यावरील बारीक अक्षर वाचणाऱ्या कारकुनास तें दिसलें नव्हतें! मूल बचावलें, परंतु त्या चार रात्री मी विसरलों नाहीं.

बंद डबा थंड व कोरड्या जागीं ठेवावा. फुगलेला वा गळका डबा टाकून द्यावा. जुन्या डब्यांतील दूध तपकिरी होतें. केवळ तेवढ्यानें तें नासलें असें समजूं नये. डबा फोडल्यावर उरलेलें दूध काचेच्या कोरड्या बरणींत काढून फ्रिजमध्यें ठेवावें व थोड्या दिवसांत संपवावें. चमचा ओला नसावा. जेथें पाणी मिळालें तेथें बुरशी धरते.

एक लिटर दुधाच्या खिरीस ४०० ग्रॅमचा एक डबा पुरतो. निराळी साखर चाखल्यावांचून घालूं नये. तांदूळ वा शेवया आधीं दुधांत शिजवून घ्याव्या व हें दूध शेवटीं घालून ढवळीत राहावें, नाहीं तर साखर तळाशीं लागते. बंद डबाच पाण्यांत उकळून आंतील दूध तांबूस करण्याची कांहींची रीत आहे. पाणी आटल्यास डबा फुटून माणूस भाजतें, म्हणून ती करूं नये. आंबट फळाचा रस गरम खिरींत घातल्यास दूध फाटतें. आंब्याचा रस घालावयाचा तर खीर पुरती निवल्यावर घालावा.