तंजावरच्या भिंतीवरील मराठी

मुक्कोंबू येथे कावेरीला फाटा फुटतो. उत्तरेकडचा कोळ्ळिडम पुराचे पाणी समुद्राकडे नेतो, तर दक्षिणेकडची धार करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेल्या ‘कल्लणै’ या प्राचीन दगडी बांधापासून वेण्णार, कुडमुरुट्टी, अरसलार अशा शाखांनी शेताशेतांत पसरते. या गाळाच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्ह्यातून 1991 मध्ये नागपट्टिनम वेगळे झाले आणि 1997 मध्ये मुख्यतः नागपट्टिनममधून तिरुवारूर. उरलेल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 24,05,890 भरली. मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनच्या सुमारास सुटले की कुरुवै हे अल्प मुदतीचे आणि पुढे सांबा हे दीर्घ मुदतीचे भातपीक उभे राहते.

या भाताचा तपशीलवार जुना हिशेब राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिरात दगडावर कोरलेला आहे. तेथील तमिळ शिलालेख गावोगावची जमीन ‘वेलि’ या मापाच्या सूक्ष्म अपूर्णांकांपर्यंत मोजतात आणि मंदिराच्या 400 नर्तकींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला 100 ‘कलम’ भात ठरवून देतात. याच मंदिराच्या आवारातील भिंतींवर आठ शतकांनी एक प्रदीर्घ मराठी लेख देवनागरीत कोरला गेला. ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने ओळखला जाणारा हा लेख तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांच्या आज्ञेने चिटणीस बाबुराय यांनी सिद्ध केला आणि 1803 मध्ये तो पूर्ण झाला.

लेखातील जुन्या काळाच्या तपशिलांत इतिहासकारांना चुका आढळतात, परंतु त्याचे खरे महत्त्व तो कोणत्या वेळी कोरला गेला यात आहे. तुळजा राजांनी 1787 मध्ये सरफोजींना दत्तक घेतले, तेव्हा राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी हक्क सांगितला. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक आहे, त्याचे वय दहाच्या वर आहे असे आक्षेप पंडितांकडून आले आणि ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंहांना गादी दिली. मिशनरी श्वार्ट्झ यांनी सरफोजींची बाजू सतत मांडल्यानंतर ते 1798 मध्ये गादीवर आले, पण पुढच्याच वर्षीच्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांना एक लाख होन व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच मिळू लागले. ज्याच्या दत्तकविधानावरच वाद झाला होता, त्या राजाने मालोजी, शहाजी, व्यंकोजी अशी परंपरा आपल्यापर्यंत आणून दगडावर ठेवावी, यात वंशाभिमानाबरोबर हक्काचे प्रतिपादनही आहे. चोळांनी जेथे भात मोजले तेथे सरफोजींनी पूर्वज मोजले. भाताचा हिशेब तोवर दुसऱ्याच्या दप्तरात गेला होता.

या लेखाकडे केवळ दीर्घ शिलालेख म्हणून पाहणे अपुरे आहे; तो तंजावरातील व्यापक मराठी लेखनाचा भाग आहे. त्याच सरफोजींच्या छापखान्यातून 1806 मध्ये इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ छापून निघाला. सख्खन पंडितांचा हा अनुवाद मुंबईतील मराठी मुद्रणाच्या बहरापूर्वीचा असूनही मराठी वाङ्मयेतिहासात त्याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत, आणि त्यांतील बरेचसे लेखन राजवाड्याच्या रोजच्या व्यवहारांचे आहे: कोणाला किती दिले, काय विकत घेतले, कोणत्या दिवशी.