रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच, असं नाही

शौचाच्या वेळी रक्त दिसलं की आपल्याकडे डॉक्टरच्या आधी घरातच निदान होतं. मूळव्याध असणार, अंगात उष्णता वाढलीय, तिखट बंद कर, सुरणाची भाजी खा, रात्री इसबगोल घे. बहुतेकदा ती मूळव्याधच असते, म्हणून हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. पण ज्यांना मूळव्याध नसते, त्यांची वर्षं या सल्ल्यात वाया जातात. त्यांच्यापैकी काहींना असतो अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि व्रण पडतात. हा आजार बहुधा ऐन तरुणपणी गाठतो आणि मग सोबतच राहतो. त्याचा भाऊबंद म्हणजे क्रोन्स. या दोघांना मिळून आयबीडी म्हणतात.

मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं, शौचानंतर थेंब-थेंब पडतं आणि शौच एरवी नेहमीसारखंच होतं. कोलायटिसमध्ये रक्त शौचात मिसळलेलं असतं, सोबत शेंबडासारखी आव असते, दिवसातून अनेकदा जावं लागतं आणि लागली की धरवत नाही. रात्री झोपेतून उठून जावं लागणं ही खूण तर कधीच दुर्लक्षू नये. त्यात वजन घटत असेल, बारीक ताप येत असेल, हिमोग्लोबिन उतरत असेल तर मलम लावत बसण्यात अर्थ नाही. दुर्बिणीतून आतडं पाहून घ्यावं.

दुसरी गल्लत होते ती आवेशी. जिवाणूंमुळे झालेली आव साधारण आठवड्याभरात आटोक्यात येते. महिनोन्‌महिने तीच तक्रार येत असेल आणि दर वेळी त्याच गोळ्यांचा कोर्स घेतला जात असेल, तर निदान पुन्हा तपासायला हवं. मात्र घाई उलट दिशेनेही नको. अमिबामुळे आतड्याला पडलेले व्रण कोलायटिससारखे दिसू शकतात, आणि अशा रुग्णाला कोलायटिस समजून स्टेरॉइड दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून संसर्ग नाही याची खात्री आधी करतात. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची तपासणीही उपयोगी पडते. आतड्याला सूज असली की ते वाढतं. नुसतं पोट बिघडवणाऱ्या आयबीएसमध्ये ते सहसा वाढत नाही. आयबीएस त्रासदायक असतो, पण त्यात व्रण नसतात आणि रक्त पडत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून आयबीएस आणि आयबीडी एक समजू नयेत.

क्रोन्सच्या बाबतीत आपल्या देशात एक खास अडचण आहे. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं ती जागा त्याला विशेष प्रिय. आतड्याचा टीबीही बहुधा तिथेच होतो. दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा काढून तपासला, तरी अनेकदा दोघांत फरक करता येत नाही. अशा वेळी डॉक्टर आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आत पाहतात. टीबी असेल तर व्रण भरत आलेले दिसतात. ते तसेच असतील तर क्रोन्सचा विचार होतो. पुढे निदान बदललं की घरचे म्हणतात, डॉक्टर चुकले. बहुतेकदा तसं नसतं. टीबी असताना स्टेरॉइड देणं याहून कितीतरी धोक्याचं, म्हणून हा क्रम पाळतात. चूक होते ती दुसरीकडे. काही फरक पडत नसताना पुन्हा न तपासता टीबीच्या गोळ्या चालू ठेवल्या जातात.

‘हा गोऱ्यांचा आजार’ ही समजूत आता मागे टाकायला हवी. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये तर या आजाराचं प्रमाण तिथल्या युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त दिसलं होतं.

मग होतो कशाने? तिखटाने नाही, आणि ‘फार विचार करते म्हणून’ही नाही. जन्मजात कल, आतड्यातल्या जिवाणूंचा बिघडलेला मेळ आणि आजूबाजूच्या परिस्थितीतले काही घटक एकत्र आले की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उलटते. ताणाने त्रास वाढू शकतो, आजार जन्माला येत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आजाराचं खापर रुग्णाच्या स्वभावावर फोडलं की रुग्ण आजार लपवायला शिकतो. लपवण्याचं खरं तर कारण नाही. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये त्यांनी प्रकृतीमुळे पद सोडलं. मधल्या काळात औषधाच्या आधाराने ते जपानचे सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिलेले नेते झाले.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज. ‘बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?’ रक्त थांबतं, शौच ताळ्यावर येतं, तरी अस्तरातली सूज पुष्कळदा धुमसत असते. शिकागोतल्या एका अभ्यासात, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, आजार शांत झालेले कोलायटिसचे रुग्ण मेसालामीन या नेहमीच्या औषधाच्या गोळ्या किती नेमाने घेतात हे पाहिलं गेलं. गोळ्या चुकवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून अधिक निघाला. शिवाय वर्षानुवर्षं सुजलेल्या मोठ्या आतड्यात कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून आजार सुरू होऊन आठेक वर्षं झाली की, काहीही त्रास नसला तरी, कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्यायची असते. औषध कमी करायचं की थांबवायचं हा निर्णय पोटाला काय वाटतं यावर नाही, तपासणीत काय दिसतं यावर घ्यावा. आजार शेवटच्या भागापुरता असेल तर गुदमार्गे घालायचं औषध गोळीपेक्षा चांगलं काम करतं. लाजेपायी ते टाळणारे पुष्कळ आहेत, आणि ते नाहक त्रास सोसतात.

स्टेरॉइडबद्दल दोन टोकाच्या समजुती दिसतात. एक म्हणजे ते विष आहे. पण ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये कॉर्टिसोन या स्टेरॉइडची चाचणी प्रसिद्ध केली. त्याआधी तीव्र कोलायटिसने माणसं मरत आणि डॉक्टरांच्या हाती फारसं काही नसे. दुसरी समजूत अशी की त्याने चटकन बरं वाटतं, म्हणून ते दुकानातून आणून घेत राहावं. स्टेरॉइड भडका विझवतं, आजार ताब्यात ठेवत नाही. वर त्याने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि ते एकदम बंद करणंही धोक्याचं, हळूहळूच उतरवावं लागतं. पुढच्या टप्प्यावर अॅझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. इन्फ्लिक्सिमॅब सुरू करण्याआधी शरीरात दडलेला टीबी नाही ना, हे तपासणं आपल्याकडे अटळ आहे.

हळदीचं काय? इस्राएलच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मेसालामीनसोबत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर सौम्य-मध्यम कोलायटिसच्या रुग्णांना फायदा दिसला. दिल्लीच्या एम्समध्ये ४५० मिलिग्रॅम दिलं तेव्हा दिसला नाही. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम काही टक्केच असतं. तेव्हा हळदीचं दूध आवडत असेल तर प्यावं, गोळ्यांच्या जागी पिऊ नये.

पथ्याच्या नावाखाली माणसं उपाशी राहतात हे पाहून वाईट वाटतं. दूध बंद, गहू बंद, डाळ बंद, फळं बंद, आणि शेवटी राहतो फक्त पेजेचा वाडगा. आजार जोरात असताना मऊ भात, मुगाचं वरण, सालं काढून शिजवलेली भाजी बरी पडते. आतडं अरुंद झालेलं असेल तर चोथा टाळावा लागतो. पण आजार शांत असताना ज्वारीची भाकरी, भाज्या, डाळी खायला बहुतेकांना हरकत नसते. दूध सोसत नसेल तर सोडावं, पण ते सर्वांनी सोडण्याचं कारण नाही. लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व मात्र तपासत राहावं. आजार असलेल्या लहान मुलाची उंची खुंटलेली दिसली तर आजार आत चालू आहे असं समजून डॉक्टरला गाठावं. क्रोन्स असलेल्याने धूम्रपान सोडणं हे कुठल्याही पथ्यापेक्षा मोठं काम आहे. दुखलं की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची सवयही सोडावी, त्याने आजार भडकू शकतो.

रोजचं जगणं औषधाइतकंच कठीण असतं. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नाही, एसटीतही नाही. कितीतरी जण सकाळी काही न खाता कामावर जातात ते या भीतीने. कचेरीतल्या वरिष्ठांना, शाळेतल्या बाईंना एवढंच सांगून ठेवावं की विचारल्याशिवाय उठून जाण्याची मुभा हवी. ती मिळाली की रोजची निम्मी धास्ती जाते.

लग्नाच्या वेळी हा आजार लपवला जातो, आणि मग गोळ्याही लपूनछपून चुकत-माकत घेतल्या जातात. आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेक बाळंतपणं नीट पार पडतात. गर्भाला मोठा धोका असतो तो भडकलेल्या आजाराचा. म्हणून गरोदरपणाची चाचणी सकारात्मक आली की घाबरून सगळी औषधं बंद करू नयेत. मेसालामीन, अॅझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब गरोदरपणात सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट आणि टोफासिटिनिब मात्र दिवस राहण्याआधीच थांबवावी लागतात, तेव्हा मूल हवं असल्याचं डॉक्टरला आधीच सांगावं. पुरुषांनीही विचारून घ्यावं. सल्फासॅलाझिन या कोलायटिसच्या औषधाने शुक्राणूंची संख्या घटते. ते औषध बदललं की काही महिन्यांत ती पूर्ववत होते.