पाणी येतं कुठून? एका पद्मिनीची रबरं, काचा आणि माझी फसलेली पहिली दुरुस्ती

रबरावर पीएचडी करतेय म्हटलं की घरचे काय काय विचारतात ते मला आता पाठ झालंय. टायर कुठला घ्यावा? कुकरची रिंग का सैल पडते? गेल्या उन्हाळ्यात सिरसाळ्याला गेले तेव्हा तात्यांनी मात्र खरा प्रश्न विचारला. "गाडीत पाणी येतंय. तुझं ते रबराचं शिक्षण काही कामाला येतंय का?"

गाडी म्हणजे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघायची, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण आमच्या वाड्यात तिचं वय कुणी मोजत नाही. अडचण एवढीच होती की दोन पावसाळे ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी साचून पत्रा गंजला होता. आणखी एक पावसाळा असाच गेला तर गाडी भंगारात, असं तात्यांनी सांगून टाकलं होतं.

मी दार उघडलं. दाराच्या कडेची रबरी पट्टी, जिला आपल्याकडे बिडिंगही म्हणतात, कडक झालेली, वळणांवर तडे गेलेले. झालं, कारण सापडलं! नवी पट्टी आणली, जुनी खरवडून काढली आणि एका दुपारीत चारही दारांना चिकटवून मोकळी झाले. मृगाचा पहिला पाऊस आला आणि पाणी त्याच जागी साचलं. वर दारं आता आपटल्याशिवाय लागेनात. तात्या काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

चूक कुठे झाली? तडे खरे होते. त्यामुळेच मी फसले. रबर बिघडलेलं दिसलं आणि रबर हा माझा विषय, म्हणून "पाणी येतं" या निरीक्षणावरून मी थेट "रबर बदला" या उपायावर उडी मारली. मधला प्रश्न, पाणी कोणत्या वाटेनं येतं, विचारलाच नाही.

आधी तड्यांचं बघू. जुन्या गाड्यांच्या पट्ट्यांत बऱ्याचदा नैसर्गिक किंवा तशाच जातीचं रबर असतं. त्याच्या लांब साखळीत कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन फार थोडा असतो, एक अब्ज भागांत काही दहा भाग, पण तो नेमका या बंधांवर हल्ला करून साखळी तोडतो. रबर ताणलेलं नसेल तर पृष्ठभागावर पातळ थर खराब होतो आणि बहुतेक काम तिथंच थांबतं. ताणलेलं असेल तर तुटलेली टोकं लांब सरकतात, आतलं ताजं रबर उघडं पडतं आणि तडा आत आत जातो. म्हणून तडे नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात असतात आणि वळणांवर आधी दिसतात. प्रयोगशाळेत ओझोनची नेहमीची चाचणी हीच गोष्ट घाईनं घडवते: नमुना २० टक्के ताणायचा, ४० अंश तापमान, अब्जात ५०० भाग ओझोन.

आजच्या पट्ट्या बहुधा ईपीडीएमच्या असतात. त्यात दुहेरी बंध मुख्य साखळीत नसून बाजूच्या फांदीवर असतात. फांदी तुटली तरी साखळी शाबूत राहते, म्हणून ऊन आणि ओझोन दोन्ही ती पुष्कळ सोसते. मी आणलेली पट्टी ईपीडीएमचीच होती. पण लावताना वळणावर नीट बसावी म्हणून मी ती ओढून चिकटवली. ओढलेली पट्टी पुढे आखडते, सांध्याला फट पडते. खरं तर उलट करायचं असतं: पट्टी सैल ठेवायची, दोनचार मिलिमीटर जास्तच कापायची आणि सांधा दाराच्या खालच्या कडेला घ्यायचा.

दुसरी गोष्ट तड्यांपेक्षा महत्त्वाची आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. दाबून ठेवलेलं रबर किती परत फुगतं? समजा पट्टी १२ मिमी जाड आहे, दार लागल्यावर ९ मिमी होते आणि वर्षांनंतर दार उघडल्यावर १०.५ मिमीवरच थांबते. ३ मिमी दाबलं, त्यातलं १.५ परत आलं नाही, म्हणजे ५० टक्के कायमचा दाब बसला. अशी पट्टी दिसायला चांगली असते, पण दाराला उलट रेटत नाही, आणि पाणी अडवतो तो हा रेटाच. याचीच दुसरी बाजू अशी की जाड पट्टी म्हणजे चांगली पट्टी नव्हे. माझी नवी पट्टी जुनीपेक्षा जाड होती, म्हणून दार लागेना आणि बिजागरीवर ताण येऊ लागला.

मग परळीच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिलंही नाही. दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवून म्हणाले, "ताई, इथली भोकं बुजलीत की."

ही भोकं मला माहीतच नव्हती. काच खाली-वर होते तिथे, म्हणजे दाराच्या कमरेला, दोन्ही बाजूंना पट्ट्या असतात, पण त्या पाणी पूर्ण अडवत नाहीत. थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरणार हे धरूनच दार बनवलेलं असतं, आणि ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. आमच्या काळ्या मातीचा फुफाटा तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. भोकांत मातीचं बूच बसलं होतं. दारात पाणी साठायचं आणि आतल्या फाटलेल्या डांबरी कागदातून पायाखाली उतरायचं.

मी लगेच काच पण दुरुस्त करायला घेणार होते. मिस्त्रींनी थांबवलं. आधी भोकं मोकळी करू, पाणी मारू, मग बघू. (माझे गाईडही हेच सांगतात, पण त्यांचं मी ऐकत नाही.) तारेनं भोकं साफ केली. मग नळीनं पाणी मारलं, तेही खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि वाट कळत नाही. खालून चढत गेलं की ज्या उंचीला आत थेंब दिसला तिथंच दोष. पायाखालचं पाणी थांबलं. वरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र थेंब दिसला.

तो दोष काचेचा होता. हँडलची क्लिप काढून आतलं पॅनेल उतरवलं. काच दोन उभ्या चॅनलमधून चालते, त्यांत फेल्ट असतं. मागच्या चॅनलचा खालचा बोल्ट सैल होता, म्हणून काच तिरकी चढत होती आणि तिचा मागचा कोपरा चौकटीत बसत नव्हता. काच अर्धी वर घेऊन बोल्ट सैल केला, चॅनल सरकवला, काच पूर्ण वर नेऊन कोपरा बसतो का पाहिलं, मगच आवळला. चार वेळा करावं लागलं. काच जड चालते म्हणून तात्या चॅनलला ग्रीस लावायचे. ते बंद केलं. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि ईपीडीएमही फुगतं, दोन्ही तेलासारखेच अध्रुवी. सिलिकॉनचा फवारा चालतो.

सगळ्यात शेवटी पट्टी. जाड पट्टी काढली, चिकटलेला गोंद खरवडण्यात दोन दिवस गेले. आधी दार बिजागरीवर सरळ केलं, मग पातळ पट्टी, न ताणता. तपासायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढायची. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. जिथं सहज निसटते तिथं रेटा नाही. रबरावर टाल्कम पावडर फासून दार लावलं तर पत्र्यावर उमटलेली रेघ कुठे तुटते हेही दिसतं.

पहिल्याच दिवशी मी भोकं, काच आणि पट्टी एकदम केली असती तर पाणी कदाचित थांबलंही असतं. पण मग मी आजही सगळ्यांना सांगत फिरले असते की नव्या पट्टीनं काम झालं. आता एवढं नक्की माहीत आहे की पायाखालचं पाणी भोकांमुळे होतं आणि कोपऱ्यातलं काचेमुळे. पट्टीचा वाटा किती, हे मात्र मला सांगता येत नाही. जुनी पट्टी मी मोजण्याआधीच फेकून दिली होती. आता नमुने काढले की आधी पिशवीत भरते, वर तारीख आणि जागा लिहिते. मागच्या डाव्या दाराची पट्टी अजून बदललेली नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती तशीच ठेवायला तात्या कसेबसे तयार झालेत.