घाम गाळा, पण पोरांना उपाशी ठेवू नका

गेल्या महिन्यात एका वस्तीतल्या विहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही गेलो. वीस-बावीस पोरेपोरी दोरीवरच्या उड्या मारीत होती. चौदा वर्षांची एक मुलगी मात्र अंगात स्वेटर आणि वर रेनकोट घालून धावत होती. चौकशी केली. रविवारी बॉक्सिंगची स्पर्धा, वजन दीड किलो जास्त. सकाळपासून पाण्याचा घोटही नाही. आई धुणीभांडी करून घरी परतली, तर सकाळची भाकरी तशीच झाकलेली!

ज्यांच्या आज्या-पणज्यांना पुष्कळ गावांच्या तालमीत पाऊल टाकता येत नव्हते, त्यांची नातवंडे आज रिंगणात उतरतात. याचा आम्हांला अभिमान आहे. म्हणूनच हे बोलणे भाग आहे.

रेनकोट घालून धावल्याने चरबी जात नाही, पाणी जाते. एक लिटर घाम गेला की काटा एक किलो खाली येतो आणि पाणी प्यायले की पुन्हा वर चढतो. मधल्या वेळात रक्तातले पाणी कमी होते, हृदयावर ताण पडतो, अंग तापते. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभरात कॉलेजचे तीन तरुण कुस्तीगीर याच प्रकाराने दगावले.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 6 ऑगस्ट 2024 रोजी विनेश फोगाट तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली. रात्रभर झटूनही सकाळी 50 किलोच्या गटात वजन 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. उलट आपल्या साताऱ्याचे खाशाबा जाधव पाहा. 1948 साली लंडनला ते सर्वांत हलक्या गटात लढले, सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला त्याच्या वरच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. वरचा गट म्हणजे कमीपणा नव्हे!

वजन कमी करायचेच असेल तर तथागतांनी वाट दाखवलेली आहे. कोसलचा राजा पसेनदी भातावर आडवा हात मारून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. जेवणात प्रमाण ओळखणाऱ्याचे दुखणे हलके होते, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा रोज जेवताना म्हणायला लावली. राजाचे जेवण हळूहळू कमी झाले, अंग हलके झाले. संयुत्त निकायातली ही कथा आहे. त्यातला ‘हळूहळू’ हा शब्द आईबापांनी ध्यानात ठेवावा.

एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणून मोठ्या माणसाने आठवड्याला अर्धा किलो उतरवले तरी पुष्कळ झाले. वडापाव, थंड पेये, चहातली जादा साखर आधी सोडावी. भाकरी, डाळ, अंडी, सुकट सोडू नये. तीन मिनिटे दोरीवरच्या उड्या, एक मिनिट विसावा, अशा तीन फेऱ्यांनी सुरुवात करावी. दम हळूहळू वाढतो. आयाबहिणींनी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. ज्यांना रक्तदाब किंवा साखर आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. वाढत्या वयाच्या मुलांचे वजन मात्र स्पर्धेसाठी उतरवूच नये. त्यांना पोटभर खाऊ द्यावे आणि भरेल त्या गटात लढू द्यावे.

त्या दिवशी आम्ही प्रशिक्षकांशी बोललो. भला माणूस. त्यांनी रेनकोट उतरवायला लावला, मीठ-साखरेचे पाणी दिले आणि आयोजकांना विचारून मुलीचे नाव वरच्या गटात घातले. रविवारी ती हरली, पण तिन्ही फेऱ्या खंबीरपणे लढली. घरी येऊन तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि सोमवारी संध्याकाळी पुन्हा शेडमध्ये हजर! आई म्हणाली, “पदक पुढच्या वर्षी आणील. पोर धडधाकट आहे, ते पहिलं.”

आम्हांलाही तेच म्हणायचे आहे.