प्रतींची संख्या आणि प्रतींचे स्वातंत्र्य : रॅन्समवेअर व अपरिवर्तनीय साठवण

बोलींच्या अभ्यासकाचे खरे धन म्हणजे क्षेत्रपाहणीत गोळा केलेली सामग्री होय. एखाद्या वृद्ध निवेदकाचे वीस वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण नष्ट झाले, तर ते पुन्हा मिळवता येत नाही. कारण तो निवेदक आज हयात नसतो आणि क्वचित ती बोलीही त्या रूपात उरलेली नसते. ही सामग्री आता बहुतांशी संगणकावर असते, आणि तिची आणखी एक-दोन ठिकाणी प्रत आहे एवढ्यावर आपण निश्चिंत असतो. ही निश्चिंतता कितपत साधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रॅन्समवेअर हा संगणकात शिरून तेथील फाइली कूटबद्ध करणारा प्रोग्रॅम होय. त्या उलगडण्याची किल्ली हल्लेखोराजवळ राहते आणि तिच्यासाठी खंडणी मागितली जाते. ज्याच्याजवळ शाबूत प्रत आहे, त्याला किल्ली विकत घेण्याचे कारण नसते. हे हल्लेखोरही जाणतो. म्हणून तो पुष्कळदा प्रथम व्यवस्थापकाचा पासवर्ड हस्तगत करतो, काही काळ गुप्तपणे वावरतो, बॅकअपच्या प्रती शोधून पुसतो आणि मगच मूळ फाइलींना हात घालतो. या क्रमामुळे 'प्रत आहे' या विधानाचा अर्थच बदलतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा प्रश्न निराळ्या रूपात परिचित आहे. एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या दहा पोथ्या हाती आल्या, तरी त्यांची साक्ष एकीचीच धरली जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पोथ्यांची केवळ गणती करण्यात आली नाही. त्यांचे परस्परसंबंध तपासून त्यांच्या परंपरा ठरविण्यात आल्या. बॅकअपलाही हाच निकष लावला पाहिजे. भेद इतकाच की पोथीचे परावलंबित्व तिच्या उगमात असते, तर संगणकीय प्रतीचे ती पुसण्याच्या अधिकारात असते. ज्या अधिकाराने मूळ फाइल पुसता येते, त्याच अधिकाराने प्रतही पुसता येत असेल, तर ती प्रत स्वतंत्र नव्हे.

याचे बोलके उदाहरण २७ जून २०१७ रोजी घडले. नॉटपेट्या नावाचा, वरकरणी खंडणी मागणारा परंतु वस्तुतः विध्वंसक असा प्रोग्रॅम त्या दिवशी युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे व्यवहार त्यामुळे ठप्प झाले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कोणत्या वापरकर्त्याला कोणता अधिकार आहे याची नोंद ठेवणारे कंपनीचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते; एक बिघडला तर इतरांवरून तो उभा करावा, अशी योजना होती. परंतु ते सर्व परस्परांशी जोडलेले असल्याने एकदमच नष्ट झाले. वाचला तो घानामधील एकच, आणि तोही वीज गेल्यामुळे त्या वेळी जाळ्याबाहेर होता म्हणून. दीडशे प्रतींनी जे साधले नाही, ते एका तुटलेल्या जोडणीने साधले.

हे स्वातंत्र्य योगायोगावर न सोडता योजनेने कसे साधावे? पहिला मार्ग जुनाच आहे : प्रत टेपवर वा डिस्कवर उतरवून ती संगणकापासून वेगळी करून ठेवणे. दुसरा मार्ग अपरिवर्तनीय साठवणीचा. तीत फाइल एकदा लिहिली की ठरलेल्या मुदतीपर्यंत ती वाचता येते, परंतु बदलता वा पुसता येत नाही. त्याच नावाने नवे काही लिहिल्यास निराळी आवृत्ती तयार होते आणि जुनी तशीच राहते. ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत ही सोय २०१८ पासून आहे. तिचे दोन प्रकार नीट ओळखले पाहिजेत. 'गव्हर्नन्स' प्रकारात विशेष परवानगी असलेल्यास बंधन ओलांडता येते. 'कम्प्लायन्स' प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याच्या मूळ धन्यालाही ते ओलांडता येत नाही. अर्थात मूळ खातेच बंद केल्यास हे संरक्षण संपते. म्हणून त्या खात्याची सूत्रे रोजच्या व्यवस्थापकाहून वेगळ्या हाती असावीत.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हल्लेखोर महिनाभर वावरत असेल आणि मुदत सात दिवसांची असेल, तर शाबूत आवृत्ती हाती राहीलच असे नाही. दुसरे असे की, अपरिवर्तनीय प्रत चोरी थांबवीत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर हल्ला झाला. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही, तेव्हा सुमारे ६०० गिगाबाइट माहिती हल्लेखोरांनी उघड केली. याच प्रसंगातून तिसरी मर्यादाही दिसते. ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहांच्या प्रती सुरक्षित होत्या. परंतु त्या परत उतरवण्याजोगी यंत्रणाच शिल्लक नव्हती, आणि मुख्य ग्रंथसूची पुन्हा शोधता येऊ लागण्यास जानेवारी २०२४ उजाडला. यास्तव प्रत परत उतरवून पाहण्याचा सराव हा बॅकअपचाच भाग मानला पाहिजे. चौथी मर्यादा नैतिक आहे. निवेदकाने संमती मागे घेतल्यास त्याची सामग्री पुसणे आपले कर्तव्य ठरते, आणि अपरिवर्तनीय प्रत नेमकी त्याच्या आड येते. तेव्हा मुदत मर्यादित असावी, आणि निवेदकाची ओळख पटविणारा तपशील ध्वनिमुद्रणापासून अलग ठेवावा.

तात्पर्य, आपल्या सामग्रीच्या प्रती किती आहेत, हा दुय्यम प्रश्न होय. त्या सर्व प्रती कोणत्या एका पासवर्डने नष्ट होऊ शकतील, हा प्रश्न प्रत्येक विभागाने प्रथम स्वतःस विचारावा. असा एक पासवर्ड सापडला, तर प्रती कितीही असोत, त्यांची संख्या एकच समजावी.