रानाचा कागद आणि भाषेचा कायदा

आमची पासली वेल्ह्याहून केळदकडं जाताना लागते. इथं सातबारा काढताना भाषेचा विचार कधी कुणाच्या डोक्यात येत नाही. धाकट्या सुनेचं माहेर मात्र बेळगाव जिल्ह्यातलं, खानापूर तालुक्यातलं. वाटणीचा विषय निघाला तेव्हा व्याह्यांनी पिशवीतून उतारा काढून ओसरीवर पसरला. अक्षर सगळं कन्नड. आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं, पण तेही दुसऱ्याकडून वाचून घेऊन ध्यानात ठेवलेलं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेलं रान, आणि त्याचा कागद मालकालाच वाचता येत नाही. मला ते फार लागलं.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. सीमावादावरच्या 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालानं 264 गावं महाराष्ट्राला देऊ केली, पण बेळगाव शहर तिकडंच ठेवलं. महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही. 1986 मध्ये लोक कन्नडसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, 9 जणांचा जीव गेला. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

सीमाभागातल्या मराठी माणसाला कुणी फुटीर म्हणालं की मला कॅनडातलं क्विबेक आठवतं. तिथं फ्रेंच बोलणारे बहुसंख्य. 1977 मध्ये त्यांनी कायदा करून कारभार, शाळा, दुकानांच्या पाट्या फ्रेंचमध्ये आणल्या. वेगळं व्हायचं का, यावर 1980 आणि 1995 मध्ये मतदानही झालं. दुसऱ्या खेपेला ‘नको’ म्हणणारे जेमतेम 50.58 टक्के निघाले. आमच्या व्याह्यांना देश सोडायचा नाही, देशातलंच दुसरं राज्य हवंय. खरं तर त्यांची गत क्विबेकमधल्या इंग्रजी बोलणाऱ्यांसारखी आहे. बहुसंख्यांचा भाषाकायदा त्यांच्यावर येतो. कर्नाटकात आता पाटीवरची 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. राज्यानं आपली भाषा जपावी, त्यात गैर काही नाही. पण शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद कळू नये, हे गैरच.

हद्दीचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. जिथं अल्पसंख्य भाषकांची वस्ती 15 टक्क्यांच्या वर आहे, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही काढावेत, हे राज्यांनी 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेतच मान्य केलंय. कर्नाटकानं ते खानापुरात पाळावं. आणि जत, अक्कलकोटच्या कन्नड शेतकऱ्याला नोटीस त्याच्या भाषेत मिळते की नाही, हे महाराष्ट्र सरकारनं आधी तपासावं.